नन्नासाहेबांचं जिवंत उदाहरण

तिच्या नवऱ्याने आयुष्यभर काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर एका शब्दात देता येईल: नाही. तेवढंच केलं. आणि वर तोरा असा, की बाकीचं जग नुसतं 'हो' म्हणत बसल्यामुळेच बिघडलंय.

झालं असं, की इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत देणारा एक जाडजूड कोश तयार होत होता. रंगाच्या दुकानावर दोन खोल्यांची कचेरी होती, तिथे टेबलाला टेबल चिकटवून ही विद्वान मंडळी बसत. कामाची वाटणी अक्षरांवर, आणि माणसांची नावंही अक्षरांवरूनच पडलेली. एस-वाल्या बाई, सी-वाले, टी-वाले. नवरा सगळ्यांच्या शेवटी लागला. चांगली चांगली अक्षरं आधीच्यांनी पळवली होती. उरलं काय, तर नकाराने सुरू होणारे शब्द. अन, इन, डिस, मिस, नॉन. ते कुणालाच नको होते. ज्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलाय, त्याच्यापुढे 'नाही' लावायचं, यात कसली आलीय विद्वत्ता? संपादकांनी ते गाठोडं त्याच्या टेबलावर टाकलं आणि विसरून गेले.

पण हा पठ्ठ्या विसरणाऱ्यातला नव्हता. लोकांनी टाकलेल्या गाठोड्यावरच हा गादी घालून बसला. म्हणायला लागला, की 'हो' कुणीही सांगेल. 'नाही' किती तऱ्हेचं असतं ते सांगायला डोकं लागतं. बरं, म्हणाला तर म्हणाला. पण कचेरीत एक रीत होती. दर शनिवारी बैठक भरायची, आठवड्याचे अर्थ मोठ्याने वाचायचे, आणि एकाने जरी हरकत घेतली तरी तो शब्द परत. पास झालेला शब्दसुद्धा छपाईला जाईपर्यंत कुणीही पुन्हा उकरून काढू शकायचा. याच्या हातात हे कोलीतच मिळालं. याने सगळ्यांच्या सगळ्या शब्दांवर हरकती घेतल्या. टी-वाल्यांच्या 'टेबल'वरसुद्धा. लोक त्याला नन्नासाहेब म्हणायला लागले, तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येईल इतपत मोठ्याने. तो ते कौतुकच समजायचा.

तर असं हे ध्यान तिच्या पदरी पडलं होतं. ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, खिडकीत हुकांचा डबा. दुकानदार मापं पाठवायचा, ती चुण्या घालून, पट्टी मारून, हुक लावून द्यायची. घर तिच्या वडिलांचं. मरताना त्यांनी ते तिच्या आणि तिच्या धाकट्या भावाच्या नावाने केलं होतं. म्हणजे नन्नासाहेब राहत होते सासऱ्याच्या घरात, जेवत होते बायकोच्या मशीनवर, आणि बोलत होते असं की जणू छप्पर त्यांनीच डोक्यावर पेललंय.

त्याचं एक तत्त्व होतं. शब्दाचा अर्थ पुस्तकात नसतो, माणसात असतो, असं तो म्हणायचा. शब्द घ्यावा आणि माणसाला घालून बघावा, सदरा घालून बघतात तसा. नीट बसला तर अर्थ बरोबर. त्यामुळे ओळखीपाळखीतलं एक माणूस त्याने कोरं सोडलं नव्हतं. दूधवाला 'इर्रेग्युलर'. शेजारी नेलेली शिडी परत करायचे नाहीत, ते 'अनरिलायेबल'. स्वतःची मुलगी शाळेत असताना 'डिसओबीडियंट' होती. लग्न होऊन गेली आणि फोनवर फक्त आईशीच बोलायला लागली, तेव्हा ती 'अनग्रेटफुल' झाली. मुलीने एकदा त्याला विचारलं होतं, "बाबा, तुमच्या कोशात माझ्यासाठी एकही सरळ शब्द नाही का हो?" तर म्हणाला, सरळ शब्द माझ्याकडे नाहीत, ते एस-वाल्या बाईंकडे असतात. पोर पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

बायकोवर तर रोजचाच प्रयोग. ती मशीनवर बसलेली असायची, तोंडात टाचण्या, आणि हा आतून ओरडायचा, "अगं, चहा!" तिने उत्तर दिलं नाही की दारात येऊन उभा. "करता येत नाही, की करायचा नाही? अनएबल की अनविलिंग? नीट सांग, दोन्हींत फरक आहे."

"मी दमलेय," ती म्हणायची.

"हे उत्तर नव्हे," तो म्हणायचा. मग ती उठून चहा करायची. इतकी वर्षं हेच चाललं होतं. तिला दोन्ही शब्दांचे अर्थ ठाऊक होते. ठाऊक नसायला काय झालं, रोज कानीकपाळी ओरडल्यावर दगडालाही कळतील. पण त्याच्या शब्दांत उत्तर द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. तेवढाच तिचा अभिमान शिल्लक होता.

मागच्या खोलीत तिचा भाऊ राहायचा. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, चाळिशी उलटली तरी. आता धाकटा काही देवमाणूस नव्हता. सकाळी उन्हं खोलीत आली तरी हा लोळत असायचा. शीतगृहात मशीन चालवायचा, ते शीतगृहच बंद पडलं. मग गाद्यांच्या दुकानात लागला, मालक अंगावर ओरडला म्हणून चपला घालून निघून आला. मग एका गोदामावर राखणदार झाला, तिथे पाय सुजायला लागले. त्यानंतर जो बसला तो बसलाच. शेजारणीचा नळ गळतोय म्हटलं की पाना घेऊन धावणार, कुणाचं कपाट हलवायचंय म्हटलं की खांदा देणार. पण स्वतःच्या पोटासाठी हातपाय हलवायचं नाव नाही. ती त्याच्यावर चिडायची, तोंडाला येईल ते बोलायची, आणि मग ताट वाढायची. शेवटी पाठचा भाऊ. रात्रंदिवस एकच घोर होता तिला, की आपल्या मागे याचं कसं व्हायचं. एखादी साधी नोकरी लागावी, सकाळी उठून जायला एक दार असावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि तेवढ्यात कचेरीतला शिपाई म्हातारपणामुळे काम सोडून गावी गेला. छापखान्यातून कागदांचे गठ्ठे आणायचे, खोल्या झाडायच्या, चहा सांगायचा, एवढंच काम. तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. "अहो, धाकट्यासाठी शब्द टाका ना."

"बघू," तो म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे नाहीच, पण ती पाठ सोडेना. चहा देताना, ताट वाढताना, येता जाता तेच. शेवटी एके दिवशी तो आपणहून म्हणाला, "शनिवारी घेऊन जातो त्याला. बैठकीला सगळे असतात."

तिचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. माणूस म्हणावा तितका वाईट नाही, असंसुद्धा क्षणभर तिच्या मनात आलं. तिने धाकट्याचा त्यातल्या त्यात बरा सदरा धुतला, कॉलर उसवली होती ती उलटी करून शिवली, इस्त्री केली. शनिवारी तो भल्या सकाळी उठून तयार. भांग पाडलेला, नखं कापलेली. दारात थांबून म्हणाला, "ताई, काय विचारतील गं?"

"विचारतील त्याचं खरं खरं उत्तर दे. बढाया मारू नकोस. ते शिकलेले लोक आहेत, त्यांना खरं आवडतं."

ही तिची चूक. पण तिला काय माहीत, की शिकलेल्या लोकांना कशासाठी काय आवडतं.

संध्याकाळी दोघं परत आले. नवरा इतका खुशीत, की त्याने आपणहून पाण्याचे पेले मांडले. धाकट्याच्याही चेहऱ्यावर कधी नव्हे ती कळा. हात धुऊन ताटावर बसला आणि हळूच म्हणाला, "खूप विचारलं गं. सगळे ऐकत होते. माना डोलवत होते. होईल असं वाटतंय."

"झालं!" नवरा म्हणाला. "होईल काय, झालंच. एकमताने पास. माझा एकही शब्द आजवर इतका बिनबोभाट पास झाला नव्हता. आज झाला."

"शब्द?" ती म्हणाली.

मग त्याने भात कालवत सगळं सांगितलं. चवीने सांगितलं. त्याचं घोडं अडलं होतं दोन शब्दांवर. 'अनएम्प्लॉइड' म्हणजे बेकार, ज्याला आज काम नाही पण उद्या मिळेल असा. आणि 'अनएम्प्लॉयेबल' म्हणजे ज्याला कुणी, कशावरही, कधीही ठेवणार नाही असा. एस-वाल्या बाई अडून बसल्या होत्या. म्हणत होत्या, दोन्हींना बेकारच लिहा, असा कशालाच उपयोगी नसलेला माणूस जगात नसतो. असला तर दाखवा.

"म्हटलं, दाखवतो," नवरा म्हणाला. "उभा केला याला टेबलासमोर. विचारा म्हटलं काय विचारायचं ते. किती नोकऱ्या केल्या, का सोडल्या. हा एकेक सांगतोय, मालक ओरडला म्हणून, पाय दुखले म्हणून. मी काहीच बोललो नाही, नुसता बाजूला बसून राहिलो. शेवटी बाईंनीच विचारलं, की समजा शिपायाचं काम दिलं तर जमेल का? तर हा काय म्हणाला माहितेय? 'प्रयत्न करीन'! शिपायाच्या कामाला प्रयत्न! बाईंनी तिथेच पेन खाली ठेवलं. खाली मान घालून म्हणाल्या, माझी हरकत नाही. बघ, जिवंत उदाहरणापुढे कुणाचं काही चालत नाही."

धाकट्याचा हात भातात तसाच राहिला. त्याने आधी भाऊजींकडे बघितलं, मग ताईकडे. "म्हणजे ते नोकरीचं नव्हतं?"

"कसली नोकरी?" नवऱ्याला खरंच आठवेना. "हां, ती शिपायाची होय. ती संपादकांनी आपल्या भाच्याला दिली कधीच."

धाकटा उठला, ताट मोरीत नेऊन ठेवलं, आणि मागच्या खोलीत गेला. दार लावलं नाही. इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला अडकवताना दिसला, अगदी काळजीने, खांदे सरळ करून. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही माणूस आहात का हो?" तिने विचारलं.

"हे तू 'अनकाइंड' या अर्थी विचारतेयस, की 'इनह्यूमन'?" नवरा खिशातली पेन्सिल काढत म्हणाला. थट्टा नव्हे बरं का. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्याच क्षणी तिला त्याची किळस आली. राग तर रोजचाच होता, पण रागात निदान माणूस समोर आहे असं तरी असतं. इथे समोर कुणी नव्हतंच. एक पेन्सिल तेवढी बसली होती, भात खात.

रविवारभर धाकटा खोलीतून बाहेर आला नाही. सोमवारी ती उठून बघते तर खोली रिकामी. अंथरुणाची घडी. ती घडी बघून ती जास्तच घाबरली, कारण त्याने जन्मात कधी अंथरूण आवरलं नव्हतं. दिवसभर मशीन चालवलं तिने, पण एक शिवण सरळ येईना. शेजारणीला विचारलं, कोपऱ्यावरच्या चांभाराला विचारलं. कुणी बघितलं नव्हतं. नाही नाही ते विचार आले. नवरा म्हणाला, येईल भूक लागली की. आणि कचेरीत निघून गेला.

दिवेलागणीला दार वाजलं. धाकटा उभा. कोपरापर्यंत हात हिरवे, भुवईवर पांढरा ठिपका.

"अरे मेल्या, होतास कुठे?"

"रंगाच्या दुकानात," तो म्हणाला. "भाऊजींच्या कचेरीखाली. शनिवारी वर बोलवेपर्यंत मी पायरीवर बसलो होतो ना, तेव्हा दुकानदार एकटाच डबे उतरवत होता. बघवेना, म्हणून हात लावला. तो तेव्हाच म्हणाला होता, येशील का कामाला. मी म्हटलं, नाही बुवा, माझं वर ठरतंय." "आज गेलो. ठेवून घेतलं."

पाठीत एक धपाटा घातला त्याच्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

टिकतंय का बघू, असं तिला मनातून वाटत होतंच. उगाच कशाला खोटं सांगा. पण मंगळवारीही गेला. बुधवारी पाठ धरली म्हणून कण्हत उठला, तरी गेला. गुरुवारी घरी येऊन रंगात रंग कसा घालायचा ते सांगत बसला, की गिऱ्हाईक नुसतं 'फिका हिरवा' म्हणतं आणि दुकानात फिके हिरवेच डझनभर असतात. तिला आठवेना, की हा सलग इतकं शेवटचं कधी बोलला होता. नवरा रोज त्याच दुकानावरून जिना चढायचा, पण खाली कोण डबे उचलतंय ते बघायची त्याला सवय नव्हती.

आणि आला शनिवार. संध्याकाळी नवरा घरी आला तो धापा टाकत, तोंड वाकडं करून. चपलासुद्धा दारात नीट काढल्या नाहीत. "तुझ्या भावाने माझं वाटोळं केलं," म्हणाला.

झालं होतं असं. एस-वाल्या बाई जिना चढता चढता थांबल्या. खाली धाकटा डबे लावत होता, त्याला ओळखलं, चौकशी केली. वर येऊन बैठकीत उभ्या राहिल्या आणि पास झालेला शब्द पुन्हा उकरून काढला. म्हणाल्या, "नन्नासाहेब, तुमचं जिवंत उदाहरण खाली डबे उचलतंय." हे तोंडावर. सगळे खो खो हसले. संपादकांनी सांगितलं, हरकत मिटेपर्यंत ते पान अडलं. आणि ज्याचं पान अडलं, त्याचा विभाग दुसऱ्याकडे, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. छापखाना थांबणार नव्हता.

"सगळं आयुष्य घातलं मी त्यात," नवरा म्हणाला. "मुखपृष्ठावर नाव. बाकी काय मागितलं होतं मी?" आणि मग खुर्ची ओढून तिच्या मशीनजवळ बसला. इतक्या वर्षांत तिच्या मशीनजवळ तो कधी बसला नव्हता. आवाज मऊ करून म्हणाला, "हे बघ. त्याला सांग, काम सोड म्हणावं. कायमचं नाही. पान छापून होईपर्यंत. तोवर घरी बसू दे, नेहमीसारखा. मग मी स्वतः दुकानदाराशी बोलतो."

तिने पाय थांबवला. ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे ठरवायला तिला जरा वेळ लागला. स्वतःच्या हिमतीने कामाला लागलेल्या माणसाला हा सांगत होता, की बाबा रे, माझ्या अर्थासाठी तू निकामीच रहा.

"नाहीतर त्याने दुसरी व्यवस्था बघावी," आवाज लगेच पहिल्यासारखा झाला. "माझ्या घरात राहून माझ्याच पानावर पाय देतो म्हणजे काय?"

"कुणाचं घर?" तिने विचारलं.

त्याने इकडे तिकडे बघितलं, जणू भिंतींनी तरी त्याची बाजू घ्यावी. मग पुन्हा सुरू. "तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो. तुझा शब्द खाली पडू देणार नाही."

"म्हणूनच सांगणार नाही."

"म्हणजे काय? सांगता येत नाही, की सांगायचं नाही?" तो उठून उभा राहिला, बोट नाचवत, पहिल्यासारखाच. "अनएबल की अनविलिंग? नीट सांग!"

"अनविलिंग," ती म्हणाली.

न अडखळता म्हणाली, त्याच्या डोळ्यांत बघून. सवयीने त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. हरकत कशावर घेणार? अर्थ चोख होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. याला आपण इतकी वर्षं घाबरलो, या विचाराची तिला लाज वाटली.

कोशाचं पुढे व्हायचं ते झालं. तो शब्द गाळूनच पान छापलं. नन्नासाहेबांचं नाव मुखपृष्ठावर नाही, आत आहे, आभारांत, खालच्या रंगाच्या दुकानदाराच्याही खाली. त्यावर हरकत घ्यायला बैठकच उरली नाही.

पण त्या संध्याकाळी एवढंच झालं, की तिने पुन्हा पाय मारला आणि मशीन सुरू केलं. चुणी सरळ आली. मागच्या खोलीत धाकटा रॉकेलने हात घासत होता. त्याने सगळं ऐकलं असणार, दार उघडंच होतं. जरा वेळाने त्याची हाक आली.

"ताई, एखादी चिंधी आहे का गं?"

"आहे," ती म्हणाली, आणि कापडाचा चांगला मोठा तुकडा फाडून दिला.